गर्भदेव आज दारात आहे

खुन-हो पोरीला उचलेल की नाही, ही काळजी यू-शानच्या मनातून काही केल्या जात नव्हती. भांडी घासताना तेच, पंपाने दूध काढताना तेच, बाटलीवर तारीख लिहितानाही तेच. मुलगी दहा आठवड्यांची झाली होती. वजन दोन किलो दीडशे ग्रॅम होतं आणि गुरुवारी दवाखान्यातून घरी सोडणार होते. तरी बापाने तिला अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं.

बरं, हा बाप म्हणजे काही काडीपैलवान नव्हता. युआनलिन गावात कुणाला चौथ्या मजल्यावर पियानो चढवायचा असला आणि जिना असा अरुंद असला की माणसानेच अंग चोरून चढावं, तर लोक लाइ खुन-होलाच बोलवत. त्याचा घरसामान हलवण्याचा धंदा होता. दोन ट्रक, पाच माणसं आणि ऑफिसात फोन घ्यायला त्याची बहीण बी-युन. उंचीने तो बेताचाच, पण मनगटं अशी की घड्याळाच्या पट्ट्याला शेवटचं भोक पुरत नसे. सामान उचलण्याआधी तो त्याच्याशी बोलायचा. "चला आजोबा, जरा डावीकडे," हे एखाद्या जुन्या शिसवी टेबलाला. "घाबरू नकोस गं, धरलंय," हे काचेच्या कपाटाला. चोवीस वर्षांत त्याच्या हातून एक बशीही फुटली नव्हती.

यू-शानशी त्याची ओळख झाली तीही सामानामुळेच. ती पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची. भाड्याची खोली बदलताना तिची त्रेचाळीस खोकी निघाली.

"बाई, यात दगड आहेत का?" त्याने विचारलं होतं.

"पुस्तकं आहेत."

"वाचून संपवायची ना. हलकी तरी झाली असती."

ती हसली, आणि दीड वर्षाने ती त्रेचाळीस खोकी त्याच्याच घरी, तिसऱ्या मजल्यावर, त्यानेच चढवली. त्यानंतर सहा वर्षांनी तिला दिवस राहिले. ती छत्तीस वर्षांची, तो एक्केचाळीसचा. सासूबाईंनी त्याच दिवशी नवं पंचांग आणून स्वयंपाकघरात टांगलं. खिळा मात्र जुनाच वापरला, कारण आता घरात नवा खिळा ठोकायचा नव्हता.

घरात पोटुशी बाई असली की गर्भदेवही तिथे मुक्कामाला असतो. तो एका जागी बसत नाही. आज बिछान्यात, उद्या चुलीत, परवा दारात, तेरवा कोंबड्यांच्या खुराड्यात. रोजचा पत्ता पंचांगात छापलेला असतो. तो जिथे असेल तिथे ठोकायचं नाही, शिवायचं नाही, चिकटवायचं नाही आणि मुख्य म्हणजे काहीही हलवायचं नाही. हलवलं तर त्याला धक्का बसतो, आणि त्याला बसलेला धक्का बाळाला लागतो. त्यामुळे अख्ख्या गावाचं सामान हलवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात खुर्ची सरकवायची चोरी झाली. फाटलेला पडदा फाटकाच राहिला. चपलेचा तळ सुटला, तो त्याने दोरीने बांधला.

एवढं सगळं सांभाळून, अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी, त्याने झोपायच्या खोलीतलं कपाट उचललं. पंचांग न बघता. ते खोलीच्या दाराबाहेर निघून बोळकांडीत मधोमध आलं असताना यू-शानने आतून हाक मारली. तिला डोळ्यांपुढे चांदण्या दिसत होत्या, डोकं फुटत होतं. दवाखान्यात तिचा रक्तदाब मोजायचं यंत्र दोनदा बदलून पाहिलं, कारण पहिल्या आकड्यावर कुणाचा विश्वास बसेना. त्याच रात्री पोट कापून मुलगी काढली. एक किलो ऐंशी ग्रॅम.

पंचांगात त्या मंगळवारचा पत्ता होता: खोली, बिछाना.

कपाट बोळकांडीतच राहिलं. यू-शान टाके घेऊन घरी आली तेव्हा तिला आडवं होऊन, श्वास आत घेऊन त्याच्या बाजूने सरकावं लागलं.

"ते ढकला ना कुणीतरी," ती म्हणाली.

"कुणीकडे?" सासूबाईंनी विचारलं.

हा प्रश्न खरोखरच अवघड होता. पुढे ढकलणं म्हणजे तोच गुन्हा दुसऱ्यांदा. मागे ढकलणं म्हणजे देवाला आल्या वाटेने परत पाठवणं, आणि त्याला ते आवडेल की नाही हे पंचांगात नव्हतं. सासूबाई अंगाने भरलेल्या, त्या फटीतून त्यांचा हातच तेवढा जायचा. त्यामुळे बाळंतपणाचा सगळा महिना तिळाच्या तेलातल्या कोंबडीचं सार, कच्ची पपई घातलेलं माशाचं सार आणि लाल खजुराचा चहा कपाटाच्या कडेने, एका हाताने, यू-शानपर्यंत पोचत राहिला. दोघी एकमेकींना दिसायच्या नाहीत.

"प्यायलीस का?" कपाटापलीकडून आवाज यायचा.

"प्यायले, आई."

"खोटं. वाटी ठेवल्याचा आवाज नाही आला."

मुलगी जन्मली होती, मग गर्भदेवाचं काम संपलं, असं यू-शानला वाटत होतं. सासूबाईंना ते अजिबात मान्य नव्हतं. डॉक्टरांच्या कार्डावर जी तारीख होती ती अजून बारा आठवडे लांब होती. तोवर पोर पोटातच धरायचं. फरक एवढाच की पोट आता काचेचं होतं आणि दवाखान्यात होतं.

"म्हणजे ती अजून जन्मलीच नाही?"

"जन्मेल की. तारखेला."

"मग मी दूध कुणासाठी काढतेय, आई?"

"ते आगाऊ."

बाळंतिणीने महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही, वारं लागतं. म्हणून रोज साडेदहाला आणि संध्याकाळी सातला, गोठवलेलं दूध बर्फाच्या पेटीत घालून खुन-हो एकटाच जायचा. अर्धा तास काचेच्या पेटीसमोर हात पाठीमागे बांधून उभा राहायचा आणि परत येऊन बायकोला खबर द्यायचा. ती खबर अशी असे:

"सगळे कोपरे शाबूत आहेत. ओरखडा कुठे नाही. वरच्या बाजूला मोठी नळी होती, ती काढून लहान लावलीय. पॅकिंग चांगलं आहे."

"अरे, ती कशी आहे?"

"सांगितलं ना."

"रडली? डोळे उघडले?"

तो विचार करायचा. "एकदा जांभई दिली," तो म्हणायचा. मग बर्फाची पेटी धुवायला ठेवता ठेवता, "मोठी दिली."

त्या दिवसांत मुलगी मधूनच श्वास घ्यायला विसरायची. मॉनिटर ओरडायचा, सिस्टर येऊन तिच्या तळव्याला टिचकी मारायची, आणि तिला आठवायचं. हे यू-शानला सिस्टरने फोनवर सांगितलं, नवऱ्याने नाही. सिस्टरने आणखीही एक गोष्ट सांगितली: "बाबा आत हात घालत नाहीत. हात धुतात, दोन मिनिटं घासून धुतात, आणि मग पाठीमागे नेतात."

सासूबाई रोज सकाळी सहाला मुलाला पत्ता कळवायच्या. मग घरात चर्चा व्हायची. गर्भदेव आज चुलीत, म्हणजे दवाखान्यात कुठे? दूध कोमट करायच्या यंत्रात. जात्यात? औषधाच्या गोळ्या कुटायचा खल असतो, त्यात. खुराड्यात असला की सगळे निश्चिंत, कारण दवाखान्यात कोंबड्या नव्हत्या. त्या दिवशी खुन-हो अर्धा तास पाय मोकळे करून उभा राहायचा.

नवव्या दिवशी पत्ता आला: दार.

बाळं ठेवलेल्या त्या विभागाचं दार आपोआप सरकणारं होतं. माणूस समोर आला की उघडायचं, गेला की मिटायचं. दिवसातून हजारदा. खुन-होने ते पाहिलं आणि तो दारापासून चार हात अलीकडे, दोन्ही हात पसरून उभा राहिला. मागे दोन आज्या, एक शिकाऊ डॉक्टर आणि चादरींची गाडी खोळंबली. शेवटी आतून झुओ सिस्टर आल्या. त्या तिथल्या मुख्य. आवाज जाडाभरडा, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्या बापांना त्या 'बाबा' म्हणत, मग तो बाप विशीतला असो की पन्नाशीचा.

"बाबा, वाट का अडवलीत?"

"आज तो इथे आहे."

"कोण?"

"गर्भदेव. पंचांगात दार लिहिलंय."

झुओ सिस्टरांनी दाराकडे पाहिलं. दार उघडलं. "आत माझ्याकडे बावीस बाळं आहेत. म्हणजे या दारात आत्ता बावीस गर्भदेव उभे आहेत?"

खुन-होने हा विचार केला नव्हता. त्याने गंभीरपणे केला. "गर्दी होत असेल," तो म्हणाला.

"होतेच. म्हणून म्हणते, निदान तुम्ही तरी बाजूला व्हा."

महिना संपला आणि यू-शान स्वतः जाऊ लागली. पहिल्या दिवशी सिस्टरांनी तिला आरामखुर्चीत बसवलं, कपड्याची बटणं सोडायला लावली आणि नळ्यावायरींसकट ती एवढीशी ऊब तिच्या छातीवर ठेवली. पोरीचा कान यू-शानच्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. यू-शान तासभर हलली नाही. शिंक आली तीही गिळली. खुन-हो तिच्या खुर्चीमागे उभा होता. दर पाच मिनिटांनी तो विचारायचा, "वजन नीट बसलंय ना?"

तिथली पद्धत अशी की सगळ्यात नाजूक बाळ सिस्टरांच्या टेबलाजवळ, आणि जसजशी तब्येत सुधारेल तसतशी पेटी दाराकडे सरकवायची. मुलगी दोन नंबरला होती. सहाव्या आठवड्यात झुओ सिस्टर हसत आल्या. "अभिनंदन, आई-बाबा. आज तुमची मुलगी नऊ नंबरला जाणार."

खुन-होचा चेहरा पांढरा पडला. "हलवणार? आज?"

"चाकं आहेत पेटीला. तीस पावलं."

"आज पत्ता बिछाना आहे, सिस्टर. असं सरळ नाही हलवता येत. आधी नव्या झाडूला लाल दोरा बांधून चारी बाजूंनी झटकावं लागतं, त्याला सांगावं लागतं, बाजूला व्हा म्हणून. माझी पोटुशी गिऱ्हाइकं असतात, त्यांच्या एकेका वस्तूला मी करतो."

"झाडू? इथे? मला घरी बसवतील." पण झुओ सिस्टर मुळात चिआयीच्या खेड्यातल्या. त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं, मग निर्जंतुक पाकीट फाडून कापसाचा बोळा लावलेली काडी काढली. लाल दोरा नव्हता, म्हणून लाल पेनने तिच्यावर रेघ ओढली. त्या काडीने त्यांनी पेटीच्या चारी बाजूंना हलकं झटकलं आणि खुन-हो दोन हातांवरून पुटपुटला, "जरा बाजूला व्हा, महाराज. सामान हलतंय." पेटी तीस पावलं गेली. मॉनिटरवरचा आकडा एकदाही घसरला नाही.

शेजारच्या बाळाच्या आजीने हे पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिलाही काडी हवी झाली. आठवड्याभरात हात धुवायच्या बेसिनवर सूचना लागली: 'पेटी हलवताना एका बाळाला एकच काडी मिळेल. कृपया जास्तीची मागू नये.'

असं सगळं हसत खेळत चाललं होतं. मुलगी अकराला गेली, मग चौदाला. नळीतून दूध होतं ते बाटलीवर आलं. श्वास विसरायची ती विसरणंच विसरली. आणि मग घरी सोडायच्या आधीचं शिकवणं सुरू झालं. तिथला नियम होता: आई आणि बाप, दोघांनीही बाळाला उचलणं, दूध पाजणं, अंघोळ घालणं करून दाखवायचं. दोघांच्या नावापुढे खूण झाल्याशिवाय घरी सोडायचं नाही.

आधी बाहुली दिली. खुन-होने ती अशी उचलली की सगळ्या सिस्टर बघत राहिल्या. "वजन कुठे आहे ते आधी हाताला कळू द्यायचं," तो सांगत होता, "मग मान. मानेखाली तळवा आधी, बाकी सगळं नंतर. आणि वळताना आपण वळायचं, त्याला वळवायचं नाही." नव्या पोरींनी वहीत लिहून घेतलं. झुओ सिस्टरांनी त्याला दुसऱ्या दिवशी बाकीच्या बापांना शिकवायला बोलावलं.

मग पेटीचं झाकण उघडलं. मुलगी जागी होती, मुठी वळून. खुन-होने हात पुढे नेले. ते तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबले. चार मजले पियानो चढवणारे हात, तिथून पुढे जाईनात. त्याने ते पाठीमागे नेले आणि तो बाहेर निघून गेला.

यू-शानला तो तळघरातल्या खाण्याच्या टपरीपाशी सापडला. समोर आत भाजी भरलेली भाताची वळकटी होती, अर्धी खाल्लेली.

"पडेल म्हणून भितोस?"

"माझ्या हातून आजवर काही पडलंय?"

"मग?"

"मी उचललं की ते हलतं."

"अरे, डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. माझं बीपी चढलं. बीपीला काय माहीत कपाट कुठे होतं ते!"

"चार वाजून दहा मिनिटांनी मी ते तिरकं केलं. सव्वाचारला तू हाक मारलीस." तो वळकटीकडे बघत म्हणाला. "चोवीस वर्षांत मी एकही वस्तू अशी उचलली नाही. गिऱ्हाईक कागदावर सही करतं, मग मी विचारतो, उचलू? ते तोंडाने म्हणतं, उचला. तेव्हाच मी हात लावतो. काही झालं तर ज्याच्या नावावर काम, त्याच्या शब्दाने झालेलं असतं. त्या कपाटाला कुणी उचला म्हटलं नव्हतं. माझं मीच."

"बरं. मग मी म्हणते. तिला उचल."

"तू घरची. घरच्यांचं धरत नाहीत."

मंगळवारी झुओ सिस्टरांनी निकाल दिला. गुरुवारी सकाळी अकरा. बाबांनी उचललं तर घरी, नाही तर नाही. पण खाट त्यांना हवीच होती, रात्री जुळी आली होती. खुन-हो म्हणाला, कार्डावरच्या तारखेला फक्त बारा दिवस आहेत, तेवढे थांबा. सासूबाईंनी फोनवरून दुजोरा दिला. झुओ सिस्टर म्हणाल्या, "बाबा, पोर भिंतीला टांगलेलं पंचांग नाही. तिला माणसाचा हात ओळखायचाय. बारा दिवसांनी तुम्ही म्हणाल, आता चालायला लागेपर्यंत थांबू."

यू-शानला तेच डाचत होतं. तो त्या बारा दिवसांत उचलणार नाही आणि तेराव्या दिवशीही नाही. तो पोरीला दूध आणून देईल, औषध आणून देईल, शाळेत दप्तर पोचवेल, आणि कायम चार पावलं लांब, हात पाठीमागे बांधून उभा राहील. कोपरे शाबूत आहेत, असं सांगत.

बुधवारी सकाळी ती कपाटाच्या कडेने स्वयंपाकघरात जात होती. खुन-हो पहाटेच ट्रक घेऊन दाथ्सुनला गेला होता. अर्ध्यात सरकली असताना, एक खांदा इकडे आणि एक तिकडे, तिला तो मंगळवार पुन्हा आठवला. दुपार नाही, सकाळ. ती बिछान्यात पडून होती, पाय सुजले होते, आणि तो दूध-पाव आणून देत होता. ती म्हणाली होती, "पाळणा मावणार नाही रे इथे. हे कपाट इथून गेलं तर बरं."

ती तिथेच थांबली.

हे ती विसरली होती. खरंच विसरली होती. त्या दिवसातलं सव्वाचारच्या आधीचं काहीच तिच्यापाशी उरलं नव्हतं. पण तो विसरला नसणार. गिऱ्हाईक काय म्हणालं ते सहा-सहा वर्षांनी शब्दन् शब्द सांगणारा माणूस. तिच्या त्रेचाळीस खोक्यांपैकी कुठलं तिने 'सांभाळून' म्हटलं होतं तेही त्याला पाठ होतं. आणि दहा आठवडे तो आईला, सिस्टरांना, तिला स्वतःलासुद्धा सांगत होता, कुणी म्हटलं नव्हतं, माझं मीच.

तिला रडू आलं आणि तेवढ्यातच हसूही आलं, आणि फटीत दोन्हींना जागा नव्हती.

"अडकलीस का गं?" पलीकडून सासूबाई.

"नाही, आई."

"मग श्वास का सोडत नाहीस?"

स्वयंपाकघरात येऊन तिने दुधाच्या बाटलीवर लावायची एक चिठ्ठी घेतली आणि तिच्या मागे लिहायला लागली. बी-युन फोनवर काय काय विचारते ते तिला तोंडपाठ होतं. कुठून: दवाखाना, चौथा मजला, लिफ्ट आहे. कुठे: याच घरी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वस्तू: एक. वजन: दोन किलो दीडशे, आज सकाळचं विचारून घ्यायला हवं. नाजूक: हो. दिवस: गुरुवार, अकरा. पत्ता काय निघतो ते तिने पंचांगात पाहिलंच नाही. सही करायला गिऱ्हाईक स्वतः हजर राहील आणि उचला असं तोंडाने म्हणेल, सगळ्यांसमोर. कपाटाचंही सांगायचं होतं, पण आजच्या फोनवर नाही. ते त्याला, घरी.

बी-युन आधी हसेल. मग म्हणेल, वहिनी, वेड लागलंय का, दादा शेजारीच झोपतो ना तुझ्या? मग कदाचित लिहून घेईल. कदाचित नाही घेणार. खुन-हो तो कागद घेईल की चुरगळून खिशात घालेल, हेही यू-शानला सांगता आलं नसतं. त्याला वाटेल, आपली थट्टा चाललीय. किंवा त्याला बरोबर कळेल की हे ओझं आता कुणाच्या नावावर येतंय, आणि म्हणूनच तो नाही म्हणेल.

ऑफिस आठला उघडायचं. आठ वाजून गेले होते. तिने ठरवलं की नाव विचारलं तर वहिनी म्हणायचं नाही, पूर्ण नाव सांगायचं, थू यू-शान, कागदावर लिहितात तसं. आणि तिने फोन उचलला.